अर्बाबच्या दुकानात बाई

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई इथं अल् घुब्रा भागात होत्या तोवर मस्कतमधल्या एकाही मराठी माणसाला चुकीचं मराठी बोलून सुखानं जगता आलं नाही. दिवसभर शाळेत गणित शिकवून त्या घरी येत आणि वाटेत सापडेल त्याचं व्याकरण सुधारत. माझी मुलगी एकदा लिफ्टमधून उतरताना म्हणाली, "बाई, मी घरी चालली." बाईंनी पायानं दार अडवलं. "चालली नाही, चालले. म्हण." वरच्या मजल्यांवर माणसं ताटकळली, पण तिनं म्हटल्याशिवाय लिफ्ट हलली नाही. शुक्रवारी त्यांच्या हॉलमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग भरे, आणि तो सुटला की बाई निघत मत्रहच्या जुन्या बाजारात, रत्नागिरीकडच्या कामगारांचे अर्ज लिहून द्यायला. तिथंही अर्ज लिहिता लिहिता सांगणाऱ्याची भाषा सुधारणं चालूच.

एका शुक्रवारी मी त्यांच्यासोबत असताना तिथं एक म्हातारा शिंपी आला. "बाय, माजी आवस लय आजारी हाय. अर्बाब पासपोर्ट देत नाय." बाईंनी त्याचं वाक्य दुरुस्त केलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, आता त्या अर्बाबचं, म्हणजे दुकानमालकाचं, काही खरं नाही.

रविवारी शाळा सुटताच बाई दुकानात जाऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसल्या आणि वह्या तपासू लागल्या. "टीचर, क्या चाहिए?" "इनका पासपोर्ट. जल्दी नहीं, बहुत कॉपियाँ बाकी हैं." मालक "इन्शाल्ला, कल" म्हणाला. बाई उद्या आल्या, परवाही आल्या. तिसऱ्या दिवशी वह्या संपल्या, तेव्हा त्यांनी लाल पेन घेऊन दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजी तपासायला घेतलं. "खलास, टीचर, खलास!" म्हणत मालकानं कपाट उघडलं.

शिंपी गावी पोहोचला तेव्हा आई शुद्धीवर होती. शेवटचे चार दिवस त्याला तिच्या उशाशी बसता आलं. ही बातमी मी सांगितली तर बाई एवढंच म्हणाल्या, "पोहोचले ना," आणि आत गेल्या. मग त्यांचे यजमान हळूच मला म्हणाले, "हिची आई गेली तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या. ही गेलीच नाही."

गेल्या उन्हाळ्यात यजमान निवृत्त झाले आणि दोघं पुण्याला परतली. विमानतळावर निरोपाला मत्रहचे बरेच कामगार आले होते. एरवी कुणाला चुकीचं बोलू न देणाऱ्या बाई त्या दिवशी एकेकाला फक्त विचारत होत्या, "घरी कधी जाणार?" आणि ज्याला उत्तर देता येईना, त्याचा हात त्यांना सोडवत नव्हता.