मागच्या दारानं येणारं दुखणं

दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये सकाळ रोजच्यासारखीच चालली होती. गॅसवर चहा, आरशापुढे अर्ध्या गालाला साबण लावून उभे यजमान, आणि युनिफॉर्मला इस्त्री फिरवणाऱ्या सिस्टर. तेवढ्यात मागचं दार वाजलं.

"तुझा पेशंट," यजमान आरशातूनच म्हणाले. "पुढच्या दारानं दूधवाला येतो, मागच्या दारानं विद्यापीठ."

थट्टा खरी होती. सिस्टरांची सगळी नोकरी या विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली होती. मुलांच्या तापापासून प्रेमभंगापर्यंत सगळं त्यांनीच निस्तरलेलं. पण गेल्या वर्षी वसतिगृहातला एक मुलगा बंद खोलीत नशेत बेशुद्ध सापडला, दार फोडावं लागलं, आणि हुकूम सुटला: सगळ्या खोल्यांच्या आतल्या कड्या काढा. सुतार मोठा कामसू. त्यानं त्याच झपाट्यात दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीचीही कडी उपटली. झालं काय, तर पार्ट्या भाड्याच्या फ्लॅटांत गेल्या. तिथे दार फोडायलाही कुणी नाही. आणि दवाखान्यात कुणीही "झालं का हो सिस्टर?" म्हणत आत डोकावू लागलं. तेव्हापासून तिथे सगळ्यांचं फक्त डोकं दुखायचं. ज्याला खरं दुखणं सांगायचं, तो सिस्टरांच्या स्वयंपाकघराचं दार ठोठावायचा.

आज दारात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. गंभीर चेहऱ्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणत.

"सिस्टर, डोकं दुखतंय."

"डोकं दुखतं म्हणून कुणी चपला हातात घेऊन, चोरपावलांनी येत नाही. ये आत."

यजमान अर्धी दाढी तशीच ठेवून अंगणात निघून गेले. एवढं त्यांना कळत असे.

मास्तर स्टुलावर बसला आणि हातातल्या चपलांकडे बघत बोलू लागला. शनिवारी एका फ्लॅटवर सगळे जमतात. पावडर असते, पाण्यात घालून घ्यायचंही काही असतं. ते घेतलं की कशाची लाज उरत नाही, मग कुणीही कुणाबरोबर. परवाच्या रात्रीतलं मधलं काहीच त्याला आठवत नव्हतं. कोण होतं, निरोध वापरला होता का. "मी हो म्हणालो होतो का, तेही नाही आठवत."

"मग जातोस कशाला रे मरायला?" सिस्टरांच्या तोंडून निसटलं आणि त्यांनी जीभ चावली.

"आधी मजा म्हणून गेलो. आता ते घेतल्याशिवाय कुणाचा हातसुद्धा धरवत नाही." तो थोडा थांबला. "आणि सिस्टर, जेवलास का म्हणून विचारणारेही तेच तेवढे आहेत हो."

सिस्टरांनी गॅस बंद केला. "हे बघ, एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या असतात. पण लगेच सुरू कराव्या लागतात, आणि महिनाभर एकही न चुकवता घ्याव्या लागतात. मोठ्या इस्पितळात मिळतील. आत्ता."

"आणि रेक्टरांना कळलं तर? घरी पाठवतील. बाबांसमोर कसली गोळी म्हणून घेऊ?"

नियम सिस्टरांना पाठ होता. नशा करणारा विद्यार्थी आढळला की त्याच दिवशी नाव कळवायचं. त्याची वसतिगृहातून रवानगी, आणि जो कर्मचारी लपवेल त्याची नोकरी गेली, क्वार्टरही गेलं. यजमानांचे गुडघे कामातून गेलेले. दुसरं घर नाही. मुलगा दाराकडे बघत होता, सिस्टर मुलाकडे. तेवढ्याशा स्वयंपाकघरात दोघांचाही जीव कोंडला होता.

"चपला घाल," त्या म्हणाल्या. "रिक्षा थांबवते."

इस्पितळात रक्त दिलं, गोळ्या मिळाल्या, पहिली तिथेच नळापाशी घेतली. परतताना मास्तरनं हळूच विचारलं, "आणि शनिवारी?"

शनिवारवर सिस्टरांकडे गोळी नव्हती. "आमच्याकडे ये. यजमानांना पत्त्यांत भिडू हवाच असतो. मात्र लबाडी करतात, सांभाळून."

तो हसला. येतो म्हणाला नाही.

दुपारी रेक्टरांचं बोलावणं आलं. रिक्षा कुणीतरी पाहिली होती.

"कोण होता तो?"

"डोकं दुखत होतं त्याचं."

"सिस्टर, मला शिकवू नका. नाव सांगा. माझेही हात बांधलेत."

"ठाऊक आहे, सर. पण नाव दिलं तर उद्यापासून माझ्या दारी कुणी येणार नाही. पुढचा मुलगा मग सापडेल तेव्हा फार उशीर झालेला असेल."

"तुमची चौकशी लागेल. क्वार्टरचंही मग माझ्या हातात राहणार नाही."

सिस्टरांनी सवयीनं पदर सावरायला हात नेला. अंगावर युनिफॉर्म होता, हात तसाच खाली आला.

"लागू दे," त्या म्हणाल्या. आवाज हवा तेवढा ठाम निघाला नाही.

रेक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला हवंय तरी काय? व्याख्यान ठेवू? पोस्टर लावू?"

"महिनाभर नाव विचारू नका, सर. त्याच्या गोळ्या पुऱ्या होऊ द्या."