माळावरची डोलकाठी

विमल गेल्याचं प्रभाकरच्या मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी गच्चीत आमसुलं वाळत घालत होते. "आत्या सकाळी चहा घेऊन जरा टेकली, ती उठलीच नाही," ती म्हणाली. फोन ठेवला आणि मी पुन्हा आमसुलं पसरत बसले… त्याला आता काही आठवडे झाले. दुपारी डोळा लागता लागता मला पोलादपूरच्या वरचा तो माळ दिसतो, पिवळं गवत दिसतं आणि त्यात आडवी पडलेली विमलची डोलकाठी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघी पोलादपूरच्या शाळेत शिकवायचो, ती विज्ञान, मी मराठी, आणि एकाच खोलीत राहायचो. तिचं घर नाते गावच्या बौद्धवाडीत. वडील तिच्या लहानपणीच वारले होते, धाकटा भाऊ प्रभाकर तेव्हा पाळण्यात होता. पुढे तो मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर झाला, आणि त्याच्या नादानं विमलनं हौशी रेडिओची, म्हणजे घरच्या संचावरून लांबच्या माणसांशी बोलण्याची, परीक्षा देऊन परवाना मिळवला. त्यानं जमवून दिलेला संच आमच्या टेबलावर आला खरा, पण चहूकडून डोंगर. खिडकीबाहेरच्या तारेवर नुसती खरखर यायची. प्रभाकरला घरी येऊन वर्ष उलटून गेलं होतं. त्याची पत्रं विमल वाचून दाखवायची, तर तिची आई म्हणायची, "वाचतेस तू, म्हंजे आवाज तुझाच की गो. त्याचा कुठं हाय?"

विमल कामाला लागली. तिचं बोलणं मुळातच कमी. महाडहून तिनं तार उंच धरायच्या डोलकाठीसाठी एकीत एक बसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळ्या करून आणल्या, संच बाहेर नेण्याची परवानगी काढली आणि प्रभाकरचं जहाज अरबी समुद्रातून जाणार होतं त्या रविवारी आम्ही माळावर चढलो. थंडीचे दिवस होते. खाली सावित्रीवर धुकं पसरलं होतं, वर मात्र ऊन. एका ओळखीच्या गाडीवानानं बॅटरी वर आणून दिली आणि तो परत गेला. मग माळावर आम्ही तिघीच उरलो, आई, विमल आणि मी.

नळ्या गवतात ओळीनं मांडून विमलनं एकीचं तोंड दुसरीत सारलं, बोल्ट आवळले. शेंड्याला तार बांधली, त्याखाली तीन दिशांना तीन तणावे, तंबूला असतात तसे दोर. त्यांतल्या दोन दोरांच्या मेखा आधीच ठोकल्या होत्या. आईनं बुडाशी पाय रोवला, विमलनं काठी शेंड्याकडून खांद्यावर उचलली आणि ती बुडाकडे एकेक पाऊल येऊ लागली. समोरून मी तिसरा दोर ओढत होते. काठी वाकली, थरथरली आणि सावकाश उभी राहिली. चांदीसारखी चमकत होती. पण तिसरी मेख काही बसेना, गवताखाली सगळा कातळ. तेवढ्यात वारा आला आणि शेंडा दरीकडे झुकला. मी दोर कमरेला गुंडाळून खाली बसले. विमलनं घड्याळाकडे पाहिलं. "शांता, धरशील?" मी हो म्हटलं.

बोलणं संपेपर्यंत मी तो दोर धरून होते. वाऱ्याची प्रत्येक झुळूक दोरातून माझ्या तळहातांत उतरायची… खरखर, शिट्ट्या, मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज, "ताई, मी प्रभाकर. ऐकू येतंय का?" आईनं पदर तोंडावर धरला.

बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. परवान्याच्या नियमानं हवेत बोलायचा हक्क एकट्या विमलचा, दुसऱ्या कुणाला बोलू देता येत नसे. परवाना गेला तर भावाचा आवाजही जाईल, हे ती जाणून होती. म्हणून आई बोलायला लागली की विमल बटण सोडून द्यायची. आईला ते कळत नव्हतं. ती संचाकडे वाकून बोलत राहिली, हसली, पुन्हा बोलली. ते फक्त विमलनं आणि मी ऐकलं. एकदा मात्र बटण दाबलेलं असताना आईला ठसका लागला. विमलनं बटण सोडलं. मग प्रभाकर म्हणाला, "ताई, आईचा खोकला अजून तसाच हाय?" विमलनं मान फिरवली. तिला रडताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. प्रभाकर आला तो दिवाळीनंतर.

परवा विमलच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या नावानं होणाऱ्या बुद्धवंदनेला, नाते गावी गेले. प्रभाकरला आता कमी ऐकू येतं. लोक पांगल्यावर त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "शांताताई, त्या दिवशी आई काय बोलली हो? ताईला विचारलं की ती नुसती म्हणायची, खूश होती. पुढं ती उठून चहा ठेवायला जायची, मग मी विचारणंच सोडलं."

मी त्याच्या कानाशी वाकून जमेल तेवढं आईच्याच शब्दांत सांगितलं. वालाला फुलं आलीत. तुझी पाडी आता दूध देते. जेवण वेळेवर करीत जा. मग ती हसून म्हणाली होती, "पर्भ्या, तुझा आवाज पार बापावर गेलाय रे. मला वाटलं, तेच बोलतायत."

"मला तर त्यांचा आवाज आठवतच नाही," प्रभाकर म्हणाला. मग त्यानं नातीला हाक मारली, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. ती येऊन समोर उभी राहिली, तरी त्यानं पुन्हा एकदा तिचं नाव घेतलं…