चाकाखालचा दगड

माझ्या लेकीची पहिली गाडी तिच्यापेक्षा बरीच थोरली आहे आणि माझ्याहून थोडीशीच धाकटी. आमच्या तिघींमध्ये कमीत कमी कुरकुर करणारी तीच. ती घरी येऊ नये म्हणून जे जे करता येईल ते सगळं मी केलं होतं. गंमत म्हणजे, ती घरी आणण्यासाठीच.

लेक नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात कामाला आहे, रोज लोणावळ्याहून जाते. पगार सुरू झाल्यापासून गाडीसाठी बाजूला टाकत होती. आम्हाला वाटलं, आणेल एखादी पांढरी, चकचकीत, हप्त्यांची. ही बया म्हणाली, मला जुनी हवी. गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. माझे वडील लोणावळा स्टेशनबाहेर तशी टॅक्सी चालवत. त्यांच्या मांडीवर बसून हिनं लहानपणी येणाऱ्याजाणाऱ्याला हॉर्नने दचकवलेलं. ते गेल्यावर ती टॅक्सी मी भंगारात काढली, तेव्हा ही सात वर्षांची होती आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पुढे बोलायला लागली, पण तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. त्यामुळे ही गाडी तिला मिळवून द्यायचीच, असा मी मनोमन विडा उचलला.

तिच्या कारखान्यातल्या एका फिटरनं सांगितलं की आंदर मावळात, त्यांच्या गावी, एका आबांकडे अशीच गाडी आहे. विकायची आहे, पण तीन गिऱ्हाइकं हात हलवत परत गेलीत. मी लगेच निदान केलं : म्हातारा किमतीला अडून बसलाय. आता, गणपतीच्या मंडळात मी पंधरा वर्षं नाटकं केली आहेत. एका म्हाताऱ्याची काय कथा? वाटेत लेकीला तालीम दिली. तू तोंड उघडायचं नाहीस, गाडीकडे बघायचं नाहीस, बघितलंस तर नाक मुरडायचं.

भातकापणी होऊन गेली होती. आबांच्या अंगणात पेंढ्याची उडवी, तिच्यापलीकडे म्हैस आणि म्हशीशेजारी ती. फिकट निळी, आरशासारखी पुसलेली. अंगणाच्या उतारावर, तोंड रस्त्याकडे करून उभी, आणि पुढच्या चाकाखाली एक काळा दगड. लेकीनं नाक मुरडायचं सोडून श्वास रोखून धरला. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि पडदा वर गेला.

आम्हाला चालवायची नाहीच, मी म्हणाले. लोणावळ्यात आमचं चिक्कीचं दुकान आहे (नाही), त्याच्यापुढे शोभेला ठेवायची. इंजिन चालू असो की बंद, आम्हाला सारखंच. बॉनेट उघडून आत कुंड्या ठेवू, पर्यटक फोटो काढतील. कुंड्यांचा तपशील मला तिथल्या तिथे सुचला आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चा घ्या आन निघा, बाई. उभी करायला द्यायची न्हाई."

आधीचे तिघंही हेच मागायला आले होते. एकाला हॉटेलच्या दारात ठेवायची होती, एकाला बंगल्याच्या हिरवळीवर, तिसऱ्याला फोटोच्या स्टुडिओत. गावात एसटी येते ती फाट्यापर्यंत, तिथून पुढे पायपीट. अडलेल्या बाया, ताप चढलेली पोरं, तालुक्याला जाणारी तांदळाची पोती, सगळी या गाडीतून गेलेली. आता आबांची नजर अधू झाली होती, म्हणून विकायची. एरवी कशाला विकली असती. हे सांगताना ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होते. लेक रडकुंडीला आली होती.

"आबा, आई नाटक करतेय," ती म्हणाली. "आमचं दुकानबिकान काही नाही. मला चालवायचीय. रोज."

पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत माझ्यावर असा पडदा कुणी पाडला नव्हता.

आबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. स्टार्टरचा भरवसा नाही, त्यांनी एकदाच सांगितलं. म्हणून गाडी नेहमी उतारावर लावायची. दगड काढायचा, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा. एवढं बोलून स्वतः वाकून दगड काढला. "जा. फाट्यापातूर जाऊन ये."

गाडी मुकी मुकी उतरली, एक उचकी दिली आणि गुरगुरत वळणाआड गेली. फाटा पाच मिनिटांवर. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. मी बाजेवर बसून चहाचा तिसरा कप घेतला आणि न थांबता बोलत राहिले. ओढ्यात गेली असेल, गिअर अडकला असेल. आबा म्हणाले, "गाडी उशीर करत न्हाई बाई. मानूस करतो." हा धीर होता की टोमणा, मला आजही ठरवता आलेलं नाही.

शेवटी गुरगुर ऐकू आली. पुढच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन एक म्हातारी दिमाखात बसली होती. उतरता उतरता तीच बोलली, "आबा, तुमीच हाय समजून चौघी बसलो की. बघतो तर ही पोरगी. पन तिघींना पार दारात सोडलं हो हिनं, मंग मला आनलं."

"का थांबलीस?" आबांनी लेकीला विचारलं.

"मी कुठं थांबले? फाट्यावर वळवत होते, तर त्या दार उघडून बसल्याच. मग विचारलं, कुठं जायचंय."

आबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "व्हय, लय जुनी खोड हाय ती त्यांची."

मग त्यांनी किंमत सांगितली. मी सवयीनं तोंड उघडलं आणि लेकीनं टेबलाखाली नव्हे, सगळ्यांच्या देखत माझ्या पायावर पाय दिला. तो आकडा आम्ही तसाच मान्य केला. निघताना आबांनी काळा दगड उचलून डिकीत ठेवला आणि मला म्हणाले, "कुंड्या ठेवायला दुसरं कायतरी बघा."

आमचं घरही उतारावरच आहे. लेकीनं स्टार्टर नवा टाकलाय, तरी रोज संध्याकाळी गाडी तोंड रस्त्याकडे करून लावते आणि चाकाखाली दगड सरकवते. कधी सुट्टीला आंदर मावळात जाते, आबांना बसवून फाट्यापर्यंत नेते, येताना गाडी भरलेली असते. गेल्या महिन्यात तिनं मला स्टिअरिंगवर बसवलं आणि म्हणाली, आजोबांसारखा हॉर्न वाजव. मी वाजवला. शेजारची मांजर भिंतीवरून पडली आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

येता-जाता त्या दगडाला मी पाय लागू देत नाही. चुकून लागलाच तर वाकून नमस्कार करते. लेक म्हणते, झालं हिचं नाटक सुरू. म्हणू दे.