मले म्हणणारी गोपिका

शाळेच्या हॉकीत नाव द्यायला आलेल्या पोरींना भोयर मॅडम पहिल्या दिवशी स्टिकला हातच लावू देत नसत. पोरीला गोलात उभं करायचं, आपण मैदानाच्या मध्यावर जाऊन थांबायचं आणि तिथून सांगायचं, "ओरड, मले!" पोरगी आधी हसायची. मग वेणीचं टोक चावत इकडंतिकडं बघायची आणि मांजराच्या पिल्लाएवढा आवाज काढायची. मॅडम कानामागं हात धरायच्या. "काय वं? सकाळी जेवली नाही का?" मग पुन्हा. मग आणखी एकदा. बाजूच्या वर्गात गणित शिकवणारे गुरुजी खिडकी लावून घ्यायचे. या आरडाओरड्याचा हॉकीशी काय संबंध, असं मुख्याध्यापिकेनंही एकदा विचारून पाहिलं होतं. अहो, सगळा संबंध तिथंच होता! पण तो कळायचा तर मॅडम जेव्हा नुसती गोपिका होती, त्या दिवसांत खापरखेड्याला जावं लागेल.

गोपिकाचा बाप बळीराम भोयर मूळचा रामटेककडचा, धान पिकवणारा. शेती धाकट्या भावाच्या हवाली करून तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या कामावर लागला आणि बायकोपोरांना घेऊन कॉलनीत राहायला आला. बायकोचं नाव जिजाबाई. गावाकडं या जिजाबाईच्या आवाजाची ख्याती होती. धानाच्या लोंब्या भरल्या की ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून पाखरं हाकलायची, आणि तिच्या एका हाळीत शेजारच्या शेतातले पोपट उठायचे, कधीकधी सावलीत झोपलेला शेजारीही उठायचा. पण कॉलनीत क्वार्टरला क्वार्टर लागून. इथं मोठ्यानं बोललं की चार घरांना ऐकू जातं. जिजाबाईनं आपला आवाज घडी घालून पेटीत ठेवला, लग्नातल्या शालूसारखा.

घरात गोपिकाला दोन मोठे भाऊ होते आणि एक नियम होता. पोरीच्या जातीनं 'मले', म्हणजे मला हवं, असं म्हणायचं नाही. जेवायला आधी बाप, मग भाऊ. पोळी गरम असताना पोरीनं हात पुढं केला की जिजाबाई तो हळूच मागं सारायची. "मले मले नोको करत जाऊ वं. सासरी काय म्हणतीन?" ती हे रागानं म्हणत नसे. तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. आणि स्वतः जिजाबाईच्या तोंडून तर तो शब्द कोणी ऐकलाच नव्हता. लुगडं आणायचं असलं तरी ती म्हणायची, "घरात एक लुगडं लागते."

मग उरलंसुरलं ते गोपिकाचं. करपलेली पोळी तिची, फुटकी पाटी तिची. कॉलनीतली पोरं राखेच्या मैदानावर वाकड्या फांद्यांच्या काठ्या करून हॉकी खेळायची, तेव्हा गोलात उभं राहायला कोणी तयार नसायचं. गोल करायला सगळे, अडवायला कोण? भावानं बहिणीला उभं केलं. गोलही असा उरलासुरला म्हणूनच तिच्या वाट्याला आला. आणि गंमत पाहा, पहिला चेंडू पायावर येऊन थाडकन लागला, नडगी झणझणली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून तिला दिसलं की चेंडू आत गेलेला नाही. सगळी पोरं डोक्याला हात लावून उभी. गोपिकाला इतका आनंद झाला की ती ओरडायचंसुद्धा विसरली. त्या दिवसापासून तिला झोपेतही चेंडू दिसू लागले.

बळीराम फार बोलणारा नव्हता. पोरीच्या नडग्यांवरचे निळे डाग त्यानं पाहिले आणि साहेबाला विचारून कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचं टाकाऊ रबर घरी आणलं. चांभारानं ते गोणपाटावर शिवून दिलं. हे गोपिकाचे पहिले पॅड. चालताना ती म्हशीसारखी डुलायची आणि पोरं दात काढायची. काढू दे. चेंडू आत जात नव्हता ना?

कॉलेजला ती नागपूरला जाऊ लागली आणि तिथं तिला खरी हॉकी भेटली. मनोहरराव नावाचे फौजेतून निवृत्त झालेले सर विदर्भाच्या पोरींचा संघ बांधत होते. त्यांनी गोपिकाला पंधरा मिनिटं चेंडू मारून पाहिले आणि म्हणाले, "ही पोरगी नाही, भिंत आहे." भिंत म्हटल्यावर गोपिका आठवडाभर हवेत होती. तिच्यापुढं बचावाला, फुलबॅक म्हणून, सुभद्रा उभी राहायची. ती गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानदाराची लेक. हाडापेरानं मजबूत, जिभेनं त्याहून. दोघींची अशी गट्टी जमली की एकीला ठेच लागली तर दुसरी लंगडायची.

पण भिंतीत एक खोट होती. भिंत बोलत नव्हती.

गोलरक्षकानं मागून ओरडायचं असतं. चेंडू तिला एकटीलाच नीट दिसतो, म्हणून पुढच्यांना तिनंच सांगायचं. मनोहररावांची फौजी शिस्त होती, सगळ्या हाका इंग्रजीत. चेंडू आपण घेणार असलो तर ओरडायचं, 'लीव!' म्हणजे सोड. गोपिकानं पाठ केलं. दुसऱ्याला 'सोड' म्हणायचं, स्वतःला काही मागायचं नाही, हे तिला सोयीचंच होतं.

जबलपूरला सामना होता. बरोबरी होती, आता संपतच आला होता. एक चेंडू उड्या मारत गोलासमोरच्या डीमध्ये आला, सोपा, अगदी गोपिकाच्या पायाशी येणारा. ती ओरडली, "लीव!" आणि सुभद्रा वळून त्या चेंडूवर अशी तुटून पडली की दोघींची टक्कर झाली, पॅड एकीकडं, स्टिक दुसरीकडं, आणि चेंडू आपला सावकाश घरंगळत आत. गोलामागची फळी वाजली. जबलपूरच्या पोरी नाचायला लागल्या.

"मी तुले लीव म्हटलं ना वं!" जमिनीवर बसूनच गोपिका म्हणाली.

"म्हणून तं घेतला!" सुभद्रा कपाळ चोळत म्हणाली. "तूच म्हटलं, लेव!"

आता यात सुभद्राचा काय दोष? नागपुरी हिंदीत 'लेव' म्हणजे घे. ही पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून बापाच्या दुकानात एकच ऐकत आली होती, "लेव बाई, लेव! पक्का रंग है, लेव!" तिच्या कानानं इंग्रजी कशाला शोधावी?

 नागपूर आल्यावर मनोहरराव बोलले. "गोपिका, गोलरक्षक दगडासारखी मुकी असून चालत नाही. पुढच्या सामन्यांत असा गोल पुन्हा झाला तर गोलात प्रेमिला उभी राहील." प्रेमिला म्हणजे राखीव गोलरक्षक. पाय बरे, आवाज रेल्वेच्या शिट्टीसारखा.  जगात एकच जागा गोपिकाची होती, दोन खांबांमधली, आणि तीही जायची वेळ आली.

"मग 'सोड' म्हणू का सर?" तिनं विचारलं.

"सोड म्हणशील तर सगळ्याच सोडतील. कोण घेणार ते सांग."

उपाय सुभद्रानंच काढला. "मले म्हण ना वं. मले म्हटलं का मले समजते, का तुले पाहिजे!"

सगळ्या पोरी हसल्या, सरही हसले, म्हणाले, "फौजेत नाही चालणार, इथं चालेल." गोपिका गोलात गेली. चेंडू आला. तिनं तोंड उघडलं आणि शब्द घशात अडकला. साधा दोन अक्षरी शब्द, पण कोणीतरी हात मागं सारल्यासारखं वाटलं. पुन्हा चेंडू, पुन्हा तेच. घरी जाताना बसमध्ये तिला स्वतःचाच संताप आला. चेंडूला भीत नाही आणि शब्दाला भिते?

सुट्टीत ती आईबरोबर काकाच्या शेतावर रामटेकला गेली. धान भरलं होतं. पाखरं हाकलायच्या निमित्तानं ती धुऱ्यावर चढली, चहूकडं पाहिलं, आणि जीव एकवटून ओरडली, "मले!" एक पोपट उठला. "मले! मले!" चार उठले. तिला हसू फुटलं. मागं वळून पाहते तर जिजाबाई विळा घेऊन उभी.

"काहून वं, पाखराईले काय मागून राहिली?"

आता लपवून काय उपयोग? गोपिकानं सगळं सांगितलं. लीव आणि लेव, सुभद्राची टक्कर, प्रेमिला, सर, आणि तो शब्द. जिजाबाईनं ऐकून घेतलं. ती रागावणार असं गोपिकाला वाटलं. जिजाबाई म्हणाली, "गळ्यातून ओरडून राहिली तू. असा आवाज संध्याकाळपर्यंत बसते. पोटातून काढ." आणि तिनं विळा खाली ठेवला, कमरेवर हात दिले आणि नुसतं 'हाऽऽ' केलं. धानाच्या अख्ख्या बांधीवरून, सगळ्या वाफ्यावरून, थवा उठला. गोपिका पाहतच राहिली. पेटीतला शालू तसाच होता, कसर लागलेली नव्हती.

त्या सुट्टीत मायलेकींनी रामटेकच्या पोपटांचे फार हाल केले.

मग काय विचारता! भिंतीला तोंड फुटलं. "मले!" म्हटलं की सुभद्रा बाजूला, चेंडू गोपिकाच्या पायावर, आणि तिथून मैदानाबाहेर. पोरी जिंकत गेल्या. कॉलेजची पोरं तिला पाहून 'मले आली, मले आली' म्हणायची. म्हणू दे. विभागाच्या स्पर्धेची अंतिम फेरी नागपुरात ठरली आणि समोर कोण, तर तोच जबलपूरचा संघ.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला ही गर्दी. कोणीतरी ताशा आणला होता. बळीराम रजा टाकून आला होता, आणि त्याच्यामागं डोक्यावर पदर घेऊन जिजाबाई, पहिल्यांदाच. आईला पाहून गोपिकाच्या अंगात असं काही संचारलं की पोटातून ओरडायचं ती साफ विसरली. सुरुवातीपासून नुसता गळा ताणला. चेंडू नसतानाही "मले!" मध्यंतरात संत्री आली तेव्हा ती सरांना काही सांगायला गेली आणि घशातून नुसती हवा आली.

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग प्रेमिलाकडं. प्रेमिला उठून पॅड बांधू लागली. गोपिकानं सरांचा हात धरला. बोलता येत नव्हतं, मान मात्र जोरजोरात हलवली. सर म्हणाले, "एक चूक. एकच. मग बाहेर."

आपल्या पोरींनी एक गोल चढवला आणि मग जबलपूर नुसतं तुटून पडलं. गोपिकानं एक डाव्या पायानं काढला, एक छातीवर घेतला, एक खांबाला लागून आला तो आडवी पडून बाहेर ढकलला. ताशा थांबायलाच तयार नाही. माणसं बाकांवर चढली. आणि शेवटच्या घटकेला, देवाची करणी म्हणा, तोच चेंडू आला. उड्या मारत, सोपा, थेट तिच्या पायाशी. सुभद्रा वळली, स्टिक उचलली. गोपिकानं तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा. नाहीच. तिला आताच ती टक्कर दिसली, आताच ती फळी ऐकू आली.

"तिलेऽऽ! तिले सोड वं सुभद्रे, तिलेऽऽ!"

ताशाच्या वर, गर्दीच्या वर, धुऱ्यावरून यावा तसा तो आवाज आला. सुभद्रा जागच्या जागी थिजली आणि चटकन बाजूला झाली. गोपिकानं उजवा पाय फिरवला. चेंडू असा गेला की मैदानाच्या मध्यावर उभी असलेली जबलपूरची पोरगी खाली वाकली. पंचांनी कडेकडं वळून पाहिलं, आणि त्याच वेळी शिट्टीही वाजवली. सामना संपला होता. विदर्भाच्या पोरी अजिंक्य ठरल्या होत्या, आणि सुभद्रानं गोपिकाला पॅडसकट उचललं होतं.

पुढं गोपिका विदर्भाच्या गोलात वर्षानुवर्षं उभी राहिली, पार दक्षिणेपासून पंजाबपर्यंत खेळली, पेपरात फोटो आले, त्याच जोरावर शाळेत नोकरी लागली. कप इतके झाले की बळीरामानं भिंतीला दोन फळ्या ठोकल्या. पण तिला विचारलं तर ती त्या संध्याकाळच्या बसचंच सांगते.

खापरखेड्याच्या बसमध्ये बळीराम पुढं बसला होता, भेटेल त्याला सामना सांगत. न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी थांबेना. मागच्या बाकावर मायलेकी. उत्कृष्ट गोलरक्षकाचा छोटा कप गोपिकाच्या मांडीवर. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, तूच ओरडली ना वं?"

"मी कायले ओरडू?" जिजाबाईनं पदर नीट केला. "पाखरं होते तिथं."

गोपिका हसली. बस बरीच पुढं गेली. जिजाबाई खिडकीबाहेर बघायची, कपाकडं बघायची, पुन्हा बाहेर. मग तिनं हात पुढं केला.

"आण," ती म्हणाली. "मले दे."

गोपिकानं कप तिच्या हातात ठेवला आणि तिला रडू आवरेना. जिजाबाईनं मात्र तिकडं पाहिलंही नाही. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि कॉलनी येईपर्यंत सोडला नाही.