शिडाला लुगडं, जहाजाला नाव

एका गल्लीतल्या बायकांनी नाटक करायचं म्हटल्यावर किस्से साठणारच. आमच्या कल्याणच्या गल्लीने गणपतीत केलेलं ते नाटक लोक विसरले, पण विहिरीवर पाणी भरताना आमचं अजून तेच निघतं!

इंग्रज नुकताच गेलेला, म्हणून शाळेच्या मास्तरांनी लढाऊ जहाजाचं नाटक लिहिलं. मराठी आरमाराने फिरंग्यांचं जहाज पकडलं, आपलं निशाण चढवलं, नवं नाव दिलं आणि त्याच जहाजाने फिरंग्यांना झोडपलं! फिरंगी कप्तान मी. मास्तर म्हणाले, "तुमचा आवाज असताना तोफा कशाला?"

*

शिडं नऊवारी लुगड्यांची. शेजारच्या गोदाक्काने लुगडं दिलं आणि रोज तालमीला शिडाखाली येऊन बसली.

"आक्का, इथे समुद्र आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे. लुगडं माझं आहे!"

*

आक्काची सून मराठ्यांची सरदार. माहेरची मथुरा. लग्नात तांदळात बोट फिरवून तिची सुलोचना केली. आता "सुलोचना!" म्हणून तीन हाका मारल्या तरी पोरगी ओ देईना. आक्का बिचारी तिच्या कानांत तेल घालायची!

मी म्हटलं, "आक्का, कान धड आहेत. मथुरा म्हणून बघ."

"त्या नावाचं आमच्या घरात कोणी नाही!"

पोरगी मला विहिरीवर म्हणाली, "मावशी, निदान तुम्ही तरी मथुरा म्हणा ना."

*

मास्तरांनी युद्ध समजावलं. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही बाजूंना, मागे कमी. वारा पडला की ते जागीच अडकतं. मग आपल्या गलबतांनी वल्ही मारत मागून गाठायचं.

तालमीत मथुरेने मला मागून गाठलं, पण तलवार उलटी धरून! मी शरण जाईना.

"अहो बाई, इतिहासात कप्तान शरण गेला!" मास्तर म्हणाले.

"गेला असेल. त्याच्यावर कोणी तलवारीची मूठ रोखली नव्हती!"

*

नाटकाच्या दिवशी सगळं सुरळीत. मी तलवार टाकली, निशाण चढलं. आता सरदाराने जहाजाचं नवं नाव पुकारायचं.

"नाव! नवं नाव!" मास्तर पडद्याआडून ओरडले.

पोरगी दोन पावलं पुढे आली. "जहाज आणलं ना घरी? मग झालं! नाव कशाला बदलायचं? होतं तेच राहील!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. फिरंगी नावाला टाळ्या पडल्या, त्याही बायकांच्या!

पहिल्या रांगेतून गोदाक्का ताडकन उठली. "मथुरे! आधी खाली उतर!"

पहिल्याच हाकेला ओ आली, "आले, सासूबाई!"