यमुनाबाईंचा नरसिंह

गोपाळ शाळेच्या दारात उभा राहिला तेव्हा मी फळ्यावर गणित लिहीत होतो. टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "मास्तर, लोधिवलीच्या यमुनाबाई गेल्या." खडू माझ्या हातातच राहिला. याला आता दीड महिना झाला. गोपाळ कर्जत स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला, यमुनाबाई कुंभारीण आणि मी मास्तर. आम्हा तिघांत एक गुपित होते. आता ते सांगायला हरकत नाही...

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी प्रल्हादाचे नाटक लिहिले. हिरण्यकश्यपू मी आणि खड्या आवाजाचा गोपाळ नरसिंह. रॉकेल मिळत नव्हते, म्हणून प्रयोग आमच्या कर्जतच्या शाळेच्या पटांगणात भर दुपारी करायचे ठरले. मुखवटा यमुनाबाईंकडे सोपवला. नाटकाच्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणाले, "बाईमाणूस काय सिंह करणार?" ते त्यांच्या कानावर गेले. "करते, मग बघाय या," एवढेच त्या बोलल्या.

कागदाची टंचाई होती. मी मुलांच्या जुन्या वह्या नेऊन दिल्या. मातीच्या साच्यावर चिंचोक्याच्या खळीने त्यांनी थरावर थर चढवले. नरसिंहाच्या गालाच्या आतल्या बाजूला त्रैराशिकाची उदाहरणे स्पष्ट वाचता येत. मुखवटा देखणा झाला, पण आत गोपाळचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमे, एक शब्द कळेना. मंडळी मुंबईहून तयार मुखवटा आणायच्या गोष्टी करू लागली. यमुनाबाईंनी आपला मुखवटा सरळ स्वतःच्या तोंडावर चढवला. "मास्तर, वाक्यं सांगा. कुठं अडतंय ते बोलल्याबिगर कळायचं नाय." दोन दिवस त्या अंगणात नरसिंह होऊन गरजत होत्या. मग सुरी घेऊन त्यांनी खालचा जबडा कापून सुटा केला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी परत बांधला. आता माणूस बोलला की सिंहाचा जबडा हले. उन्हात रंग चकाकतो म्हणून गालांवर भाताचा कोंडा चिकटवला, तागाची आयाळ लावली. मंडळी मुंबईची गोष्ट विसरली.

प्रयोगाच्या दिवशी पटांगण भरले, नांदी झाली आणि गोपाळचा निरोप आला : लष्करी गाड्या एकामागून एक येताहेत, ड्यूटी सोडता येत नाही. मुखवटा ठीक बसतो की नाही ते पाहायला यमुनाबाई रंगपटात आल्या होत्या.

"वाक्यं मला येतात," त्या म्हणाल्या. "उंचीनं मी गोपाळभाऊएवढीच हाय."

"अहो, पण लोकांना कळलं तर?"

"कळलं तर माझा मुखवटा खोटा. तुमी व्हा पुढं."

खांब फुटला आणि सिंह बाहेर आला. तालमीत मी गोपाळच्या हातून कितीतरी वेळा मेलो होतो, पण त्या दुपारी मी खरोखर भ्यालो. पुढे बसलेली पोरे किंचाळत आयांच्या पदरात शिरली. यमुनाबाईंच्या मांडीवर आडवा पडलो तेव्हा मुखवट्याच्या फटीतून हळूच शब्द आले, "मास्तर, लागलं तर सांगा हां..."

दुसऱ्या दिवसापासून जो तो गोपाळची पाठ थोपटू लागला. "मी नव्हतोच," असे तो सांगे आणि लोकांना तो विनय वाटे. शेवटी यमुनाबाईंनीच त्याला हात जोडले, "नको सांगू रं भाऊ. बाई नाटकात उभी राहिली म्हणून घरच्यांना बोल लागंल." तो गप्प बसला. मीही.

तेराव्याला आम्ही दोघे लोधिवलीला गेलो. कर्जतच्याही काही बाया आल्या होत्या. सगळे बसलेले असताना गोपाळला राहवेना. "तवाचा नरसिंव्ह मी नव्हतो," तो म्हणाला. "त्या होत्या."

पुरुषमंडळी एकमेकांकडे पाहू लागली. बाया मात्र हलल्या नाहीत. त्यांतली म्हातारी राधाक्का म्हणाली, "आमाला ठावं हाय रं. खेळ सरल्यावर आमी बाया देवाच्या पाया पडाय आलो नव्हतो? पायांत जोडवी व्हती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?" मी विचारले.

"कशाला बोलायचं, मास्तर?" राधाक्काने डोळ्यांना पदर लावला. "एकदाच तर देव आमच्यातला झाला व्हता."