कॅनमधला चहा

माझी शाळा चौथीतच सुटली. पुढं लग्न होऊन खानदेशातून थेट देवळाली प्रवऱ्याजवळच्या एका वस्तीवर आले. माहेर इतकं लांब, की जीव घाबरला तर सांगायला जवळ सासूच. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. उसात खुरपणाऱ्या बायकांना चहा मीच नेत असे. पितळी चरवी डोईवर जड व्हायची, म्हणून घोडेगावच्या बाजाराला शेळी विकायला गेलेल्या आत्याबाई येताना प्लास्टिकचा पिवळा कॅन घेऊन आल्या.

"घे, फुलावानी हलका हाय."

नवं भांडं आमच्यात राखेनं घासायचं आणि उकळत्या पाण्यानं धुवायचं. मी तसंच केलं. कॅनला आतून चरे पडले, एक बाजू मऊ होऊन बसली. गरम चहा ओतला की नव्या रबरी चपलेसारखा वास यायचा. तो जावा म्हणून मी आणखी घासायची, आणखी उकळतं पाणी ओतायची, आणि वास वाढायचा.

आता दवाखान्यात सांगतात, चरे पडलेल्या गरम प्लास्टिकमधली रसायनं खाण्यापिण्यात उतरतात, हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, गरोदर बाईनं तर जपावंच. तेव्हा मला एवढंच वाटे, कॅनातलं काहीतरी चहात जातंय आणि चहा माझ्या पोटात. पण इतक्या मायेनं आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? माझ्या वाटचा चहा मी गुपचूप उसाच्या सरीत ओतू लागले.

एका खुरपणारीनं ते पाहिलं. "आत्या, तुमची सून उसाला च्या पाजती. औंदा गोडी वाढनार."

बायका हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरचं गोड लागत न्हाई का गं?"

"वास येतो, आत्याबाई. बाळाला बाधंल."

त्यांनी कॅनात नाक घातलं. तपकिरीनं ते कधीच बधिर झालेलं. "मला तर कायबी येत न्हाई." मग हळूच, "तुला हलकं पडावं म्हून आनला हुता."

दुसऱ्या दिवशी चरवी त्यांनी स्वतःच्या डोईवर घेतली. खुरपणारीनं कॅनाचं विचारलंच. "तिच्या पोटाचं तिला कळतं," आत्याबाई म्हणाल्या, "तू च्या पी."

मुलगी दिवस भरून झाली. वयात आल्यावर मात्र तिची पाळी कधी वेळेवर आली नाही. मी डॉक्टरांना कॅनाचं सांगितलं तर ते हसले. आजही कुणी छातीठोक सांगत नाही, की त्यानंच झालं. माझा संशय काही जात नाही.

डॉक्टर हसले त्या दिवशी दवाखान्याबाहेर आत्याबाई बसून होत्या. "कशानं म्हनला डाक्टर?"

"अशक्तपणा आहे," मी म्हटलं.